आजीची पाटी

मित्रांनो, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य तुम्ही कधी ऐकलंय? आमच्या गावचं हे अगदी लाडकं वाक्य. प्रवासात कुणी विचारलं, ‘कुठले तुम्ही?’ की आम्ही आधी नुसतं ‘परभणी’ म्हणतो. समोरच्याला चटकन लक्षात आलं नाही, तर हे वाक्य ऐकवतो आणि मग दोघंही हसतो.

मी आठवीत होतो तेव्हा या वाक्याला माझी एक शेपटी जोडलेली होती. ती मी कुणाला सांगत नसे. जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि परभणीत मी!

एवढं फुगायला झालं तरी काय होतं? ऐका तर.

आमचं घर ख्रिस्ती. दर रविवारी चर्चमध्ये उपासना असे आणि त्याआधी आम्हा मुलांचं संडे स्कूल. तिथं गोष्टी सांगत, गाणी शिकवत आणि बायबलमधली वचनं पाठ करून घेत. वर्षातून एकदा आजूबाजूच्या मंडळ्यांतल्या मुलांची पाठांतराची स्पर्धा होई. (मंडळी म्हणजे एका चर्चची सगळी माणसं. घरातली मंडळी नव्हे हं!) त्या स्पर्धेत मी ओळीनं तीन वर्षं पहिला आलो होतो. बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत, जुन्या करारात ३९ आणि नव्या करारात २७. त्या सगळ्यांची नावं मी एका दमात म्हणून दाखवायचो. बाबांच्या घड्याळावर वेळसुद्धा लावायचो. तीन कप मिळाले होते. पितळेचे, फार मोठे नव्हते, पण मी ते पुढच्या खोलीतल्या फळीवर अशा जागी मांडले होते की दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा तेच दिसावेत.

पाठांतर वाईट नव्हतं. वाईट होती त्याबरोबर लागलेली खोड. कुणी वचन म्हणताना एक शब्द चुकला की मी लगेच दुरुस्त करायचो. मित्रांना, बहिणीला, आईला. एकदा तर उपदेश चालू असताना पाळकसाहेबांनी अध्यायाचा आकडा चुकीचा सांगितला, तर मी बाकावरून तो बरोबर करून सांगितला. पाळकसाहेब हसून ‘शाबास’ म्हणाले. मला ते खरोखरचं शाबास वाटलं! घरी येताना बाबा काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघून चालत राहिले.

आता आजीबद्दल. आजी म्हणजे बाबांची आई. तिचं माहेर गंगाखेडजवळचं. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव, त्यामुळं तिकडच्या बायका जात्यावर बसल्या की जनाबाईच्या ओव्या ठरलेल्याच. आजीही त्या ऐकत वाढलेली. तिनं पुढं त्याच चालीवर येशूच्या ओव्या रचल्या होत्या. स्वतः रचलेल्या, लिहिलेल्या मात्र नव्हेत. कारण आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या लहानपणी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. शाळा थोड्या, त्यांतल्या बऱ्याच उर्दू. त्यात मुलगी, त्यात गावाबाहेरच्या वस्तीतली. तिला शाळेत कोण बसवणार? १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, तोवर आजी नवऱ्याबरोबर दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाऊ लागली होती.

अशी आजी, साठीला टेकलेली, १९९१ च्या उन्हाळ्यात एके संध्याकाळी बाबांना म्हणाली, ‘‘मला आता शास्त्र माझ्या डोळ्यानं वाचायचं हाय. आजवर समद्यांच्या तोंडून ऐकलं. मरायच्या आधी एकदा स्वतः बघू दे.’’

आई म्हणाली, ‘‘या वयात डोळ्यांना कशाला त्रास?’’ बाबांनी मात्र लगेच लक्ष्मीबाई टिळकांचं नाव काढलं. तुम्हाला त्या ‘स्मृतिचित्रे’मुळं माहीत असतील. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या त्या पत्नी. लग्न झालं तेव्हा त्या अवघ्या ११ वर्षांच्या होत्या, आणि त्या अक्षरं शिकल्या त्या लग्नानंतर. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई तेव्हा झाल्या नाहीत. त्यांनी स्वतः विचार केला, पाहिलं, पारखलं आणि पाच वर्षांनी, १९०० साली आपला निर्णय घेतला. पुढं टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे मोठं काव्य अर्धवट राहिलं होतं. त्यातले बहुतेक अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी!

आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘‘तिला शिकवायला कोण व्हतं?’’

आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नानलपेठेतून पाटी आणि पेन्सिलींचा पुडा आला. आमचा वर्ग अंगणात, कडुनिंबाखाली, चार वाजता. आजीची शिकण्याची तऱ्हा न्यारीच होती. ‘ट’ बघून ती म्हणाली, ‘‘ह्यो इळा.’’ ‘ठ’ म्हणजे शिंक्याला टांगलेली भाकरी. ‘ळ’ म्हणजे दोन लाडू. असं प्रत्येक अक्षर तिनं आपल्या ओळखीच्या वस्तूला बांधून टाकलं. विसरली की अक्षराचं नाव न आठवता आधी ‘इळा’ आठवे आणि मग ‘ट’. मला याचा भयंकर राग यायचा. ‘‘आजी, विळा नाही, ट! ट!’’ म्हणून मी फूटपट्टी पाटीवर आपटायचो. अगदी आमचे एक सर आपटायचे तश्शी. आजी मान खाली घालून पुन्हा गिरवायची. आज आठवलं की वाटतं, तिची पद्धत माझ्यापेक्षा किती शहाणपणाची होती! पण मास्तर मी होतो ना.

पावसाळा संपला, ज्वारीची पेरणी झाली, तोवर आजी जोडाक्षरांपर्यंत पोहोचली. बोट ओळीखाली सरकवत, ओठ हलवत ती वाचू लागली. चर्चमधल्या महिला मंडळाला ही बातमी लागली. नाताळच्या आधी एका रविवारची उपासना महिला मंडळ चालवत असे. त्यांनी ठरवलं, शास्त्रवाचन आजी करणार!

वाचनाचा भाग होता लूकच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय. त्यात येशूनं सांगितलेली एक छोटी गोष्ट आहे. दोन माणसं देवाच्या मंदिरात प्रार्थनेला जातात. एक परूशी आणि दुसरा जकातदार. परूशी म्हणजे त्या काळी धर्माचे नियम काटेकोर पाळणारा माणूस. जकातदार रोमन सरकारसाठी कर गोळा करी, वर आपलाही खिसा भरी, म्हणून लोक त्याला तुच्छ मानत. परूशी पुढं उभा राहून देवाला आपले गुण मोजून दाखवतो आणि वर म्हणतो, मी या जकातदारासारखा नाही हे बरं झालं! जकातदार लांबच उभा राहतो. मान वर करायचीही त्याची हिंमत होत नाही. तो फक्त दया मागतो. येशू म्हणतो, देवापुढं बरा ठरून घरी गेला तो हा दुसरा. ही गोष्ट मला अध्याय आणि ओळींच्या आकड्यांसकट पाठ होती. आदल्या वर्षी तिच्यावर मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.

आजीनं तो भाग घरी किती वेळा वाचला असेल याची गणती नाही. रात्री कंदिलाशेजारी सुद्धा पुटपुटणं चाले. त्या रविवारी ती पांढरं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन पुढं उभी राहिली. हात थरथरत होते. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत ‘परूशी’ आला आणि आजीनं वाचलं, ‘फरशी’.

मी पहिल्या बाकावर होतो. क्षणाचाही विचार न करता मोठ्यानं म्हणालो, ‘‘फरशी नाही, परूशी!’’ आणि हसलो. माझ्या हसण्यानं शेजारची मुलं हसली. मग मागून कुठून तरी मोठ्यांचंही हसू आलं. कुणाचा हेतू वाईट नसेल. पण हसू पसरलं खरं.

आजीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं. मग पुस्तक मिटलं, दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या एका बाईंनी पटकन उठून राहिलेलं वाचन पुरं केलं. उपासना पुढं चालू झाली.

घरी आल्यावर आजीनं पाटी पुसली आणि खिळ्याला अडकवून दिली. त्या दिवशी चार वाजता वर्ग भरला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलत होती. ‘जेवलास का’, ‘ऊन लागंल, टोपी घाल’. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटू लागलं.

बाबांनी मला मारलं नाही. तिसऱ्या दिवशी एक पातळसं पुस्तक हातात दिलं आणि म्हणाले, ‘‘हे वाच. पाठ करू नकोस, नुसतं वाच.’’ पंडिता रमाबाईंचं चरित्र होतं ते.

रमाबाईंचं नाव मला ठाऊक होतं. जन्म १८५८, एवढं तर इतिहासात होतंच. पण वाचता वाचता मी गुंतत गेलो. मुलींना अक्षर शिकवणंही पाप समजत त्या काळात त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. हजारो श्लोक रमाबाईंना तोंडपाठ. (इथं मी मनातल्या मनात आमची दोघांची तुलना करून घेतली. लबाडी पाहा!) पुढं दुष्काळात आई-वडील गेले, बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ मैलोन् मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीचं ज्ञान पाहून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. त्या पुढं विधवा झाल्या, छोट्या मनोरमेला घेऊन १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी तिथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मला वाटलं, आता ही बाई गप्प बसून ऐकणार. पण छे! ज्या धर्मभगिनींच्या आश्रमात त्या राहत होत्या, त्यांना त्यांनी प्रश्न विचारून हैराण केलं. हे असंच का मानायचं? पुस्तकात तसं लिहिलंय कुठं? त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या भगिनींना तर ही मुलगी हट्टी आणि गर्विष्ठ वाटली. त्या वेळची पत्रं आजही उपलब्ध आहेत.

मी खूश झालो. पळत बाबांकडे गेलो. ‘‘बघा, रमाबाईसुद्धा वाद घालायच्या! माझ्यासारख्याच!’’

बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘‘त्या प्रश्न विचारायच्या. तू उत्तरं देतोस.’’

मी परत येऊन पुढं वाचायला बसलो. बाप्तिस्मा घेऊन कितीतरी वर्षं झाल्यावर रमाबाईंनी स्वतःबद्दल काय लिहिलं? की मला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, पण ख्रिस्त काही सापडला नव्हता. (हे माझ्या शब्दांत सांगतोय.) एवढी नावाजलेली बाई! देशोदेशी भाषणं केलेली, १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ काढलेली. आपलं अजून मुख्य शिकायचंच राहिलंय हे ती जगाला उघड सांगते! तिच्या जागी मी असतो तर हे एखाद्या वहीतसुद्धा लिहिलं नसतं.

आणि मग केडगाव. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या या गावी त्यांनी ‘मुक्ती’ उभी केली. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळात अनाथ झालेल्या शेकडो मुली-बायका तिथं आल्या. त्यांना वाचायला शिकवलं, पण बायबल हातात दिलं तर त्यांना ते कळेना. त्यातली मराठी संस्कृत शब्दांनी भरलेली, जड. तेव्हा रमाबाईंनी ठरवलं, खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत आपणच बायबल आणायचं. तेही मूळ भाषांवरून. जुना करार मूळ हिब्रू भाषेतला, नवा करार ग्रीकमधला. म्हणून या पंडिता, वयाच्या पंचेचाळिशीपुढं, हिब्रू आणि ग्रीकच्या अभ्यासाला बसल्या. पुन्हा अ आ इ ई पासून!

मित्रांनो, मला सगळ्यात आश्चर्य याचं वाटलं नाही. ज्या संस्कृतनं त्यांना ‘पंडिता’ केलं, तेच संस्कृत त्यांनी या कामात जाणूनबुजून बाजूला ठेवलं, याचं वाटलं. आपल्याला जे सगळ्यात चांगलं येतं ते दाखवायची ही किती मोठी संधी होती! पण दुष्काळातून आलेल्या मुलीला शब्द अडला असता, म्हणून त्यांनी तो शब्दच वापरला नाही. हे काम वर्षानुवर्षं चाललं. १९२१ साली मनोरमा वारली, तरी ते थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर पुरं झालं होतं. छपाई ‘मुक्ती’च्याच छापखान्यात. खिळे जुळवणाऱ्या, पानं छापणाऱ्या तिथल्याच मुली आणि बायका. १९२४ साली संपूर्ण बायबल बाहेर आलं.

पुस्तक मिटलं आणि समोर भिंतीवर पाटी दिसली. रमाबाईंनी शब्द अडू नये म्हणून एवढं केलं. इथं एक शब्द अडला, तर मी काय केलं होतं?

माफी मागायची हे ठरलं, पण मागवेना. आज मागू, उद्या मागू करत आठ-दहा दिवस गेले. शेवटी एका संध्याकाळी आजी अंगणातल्या चुलीपाशी भाकरी करत होती, तिथं जाऊन उभा राहिलो. ‘‘आजी, मी... त्या रविवारी...’’ पुढं शब्दच फुटेना. एरवी ६६ नावं एका दमात म्हणणारा मी!

आजीनं तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ दे. बस हितं. एक भाकर करून दाखव.’’

मला वाटलं, सुटलो. भाकरीचं काय एवढं! काठवटीत ज्वारीचं पीठ घेतलं, आधणाचं पाणी ओतलं आणि हात भाजला. मळलेला गोळा हाताला चिकटला. थापायला गेलो तर कडेनं चिरा. आजीचा हात फिरला की भाकरी आपोआप गोल फिरायची. माझी एका जागी बसून राहिली, आणि उचलायला गेलो तर दोन तुकडे. दुसरी कशीबशी तव्यावर पडली, पण तिचा आकार महाराष्ट्राच्या नकाशासारखा! वरून पाण्याचा हात फिरवायचा हे मी विसरलोच. ओट्यावर बसलेली माझी बहीण खो खो हसायला लागली. माझे कान तापले. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरानं आलं नव्हतं.

आजी तिच्याकडे वळून म्हणाली, ‘‘हसू नगं गं. लेकरू शिकतंय.’’

एवढंच. त्यानंतर ती माझ्या हातावर आपला हात ठेवून तिसरी भाकरी थापायला लागली. मी तेव्हा रडलो, चांगला मोठ्यानं. माफी कधी मागितली, शब्द कोणते वापरले, मला आठवत नाही.

दोन दिवसांनी आजीनं स्वतःच पाटी खाली काढली. फूटपट्टी मी बाहेर आणलीच नाही. ‘विळा’ म्हणाली तर मीही ‘हो, विळा’ म्हणायचो आणि मग दोघं मिळून ‘ट’ म्हणायचो.

सगळं पहिल्यासारखं झालं असं मात्र नाही. आजी पुढं अस्खलित वाचू लागली, महिला मंडळानं कितीदा तरी विचारलं, पाळकसाहेब स्वतः घरी येऊन गेले, पण मंडळीपुढं वाचायला ती पुन्हा कधीच उभी राहिली नाही. ‘‘घरी वाचते की,’’ म्हणायची. ते वाक्य ऐकलं की मी तिथून उठून जायचो.

घरी मात्र रोज वाचायची. त्या उन्हाळ्यात ती पुन्हा त्याच १८ व्या अध्यायाशी आली. परूशी नीट म्हणाली, माझ्याकडे बघून हसली, गोष्ट संपवली आणि बोट ओळीवर तसंच ठेवून विचारलं, ‘‘काहून रे, ह्यो जकातदार घरला गेला, मग त्यानं काय केलं असंल? लोकांचे पैशे माघारी दिले का न्हाई?’’

मी तोंड उघडलं आणि मिटलं. गोष्टीत ते नाही. तीन वर्षं पाठ केलेल्या गोष्टीबद्दल हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. ‘‘माहीत नाही, आजी,’’ मी म्हणालो. हे शब्द मी तिला बहुधा पहिल्यांदाच म्हटले.

‘‘मग वाचू फुडं,’’ ती म्हणाली.

रोज थोडं थोडं वाचत चार-पाच दिवसांनी ती १९ व्या अध्यायात पोहोचली. मी शाळेच्या वहीत गणितं सोडवत होतो. एकदम तिनं माझा दंड धरला. ‘‘हे बघ! दिले! दिले त्यानं!’’ पुस्तकात जक्कयची गोष्ट होती. बुटका होता म्हणून येशूला बघायला झाडावर चढलेला मुख्य जकातदार. तो म्हणतो, ज्याला फसवून घेतलं त्याला चौपट परत करीन. हीही गोष्ट मला आकड्यांसकट पाठ होती. दोन्ही गोष्टी इतक्या जवळजवळ आहेत हे मला माहीत होतं, आणि तरी नव्हतंही.

जुनी खोड तोंडावर आलीच. ‘‘पण आजी, हा जकातदार वेगळा आहे.’’

‘‘असंल,’’ आजी म्हणाली. ‘‘पर एकानं तरी दिले ना?’’ आणि चष्मा सारखा करून ती पुढची ओळ वाचू लागली.